आधी धंदा ठरवा, मग सॉफ्टवेअर घ्या

प्रश्न : अमळनेर आणि आजूबाजूच्या खेड्यांत आमचं फायबर इंटरनेटचं काम आहे. नवीन कनेक्शनं लागतात तेवढीच जुनी बंद होतात. एक जण बिलिंग सॉफ्टवेअर विकतोय, दुसरा म्हणतो सगळं ॲपवर घ्या, भागीदार म्हणतो स्वस्तातलं बघू. काय बघून घ्यावं? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : भाऊ, आधी भागीदारासोबत बसून एवढंच ठरवा की येत्या वर्षा-दोन वर्षांत नवी खेडी जोडायचीयेत की आहे ते गिऱ्हाईक टिकवायचंय, कारण दोन्हीला लागणारी माहिती वेगळी असते. नवी खेडी जोडायची असतील तर कुठल्या खांबावरच्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणारा डबा) किती पोर्ट, म्हणजे जोडणीच्या जागा, रिकामे आहेत हे गावात उभ्या असलेल्या पोऱ्याला मोबाईलवर दिसलं पाहिजे, नाहीतर तो पैसे घेऊन येतो आणि मग कळतं की तिथं जागाच नाही.

पण तुमचं पत्र वाचून वाटतं की तुमचं दुखणं टिकवण्याचं आहे. बहुतेक ठिकाणी बिल कॉम्प्युटरवर, तक्रार व्हॉट्सॲपवर आणि कुठलं घर कुठल्या पोर्टवर ते लाइनमनच्या डायरीत असतं, तो चोपड्याला लग्नाला गेला की अख्खी गल्ली बंद. हे तिन्ही एका गिऱ्हाईक नंबरखाली आणा, हेच पहिलं काम. शिवाय तुमच्या ओएलटीत (ऑफिसातलं मुख्य फायबर मशीन) प्रत्येक घरातल्या ओएनयूची (गिऱ्हाइकाकडचा फायबरचा डबा) सिग्नल पॉवर दिसतेच, नेहमीच्या जीपॉन ऑप्टिक्सला (घरोघरी फायबर देण्याच्या नेहमीच्या पद्धतीतले प्रकाश पकडणारे भाग) ती उणे 27 डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा मोठा तितका सिग्नल कमजोर) आसपास गेली की नेट तुटायला लागतं, म्हणजे उणे 25 ला यादीत नाव आलं तर फोन यायच्या आधीच माणूस पाठवता येतो. साध्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये हे मिळेलच असं नाही, विचारून घ्या.

मोठ्या मोबाईल कंपन्यांचंही असंच असतं, धंदा आणि सिस्टीम जोडूनच चालतात. 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदावर पैसे घ्यायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनाही तिकडं यावं लागलं, पण प्रत्येक कॉल सेकंदात मोजून बॅलन्स कापणारी सिस्टीम मागे असल्याशिवाय असला प्लॅन बाजारात आणताच येत नाही. एअरटेलने 2004 मध्ये आयटीचं काम आयबीएमला दिलं तेव्हा आयबीएमचे पैसे एअरटेलच्या महसुलाशी जोडले होते, म्हणजे धंदा वाढला तरच सिस्टीमवाल्याचाही फायदा, हे मला फार पटतं.

भागीदाराचं स्वस्त म्हणणं चूक नाही, फक्त विकणाऱ्याला तुमच्याच एका गल्लीचा डेटा द्या, त्यावर डेमो दाखवायला सांगा, आणि उद्या त्याला सोडलं तर सगळा डेटा एक्सेलमध्ये परत मिळेल हे लिहून घ्या.