वेणी कुणी घातली?

शहापूर, बेळगाव

बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाच दिवसांची सुट्टी काढून इकडे येतोयस, हे वाचून बरं वाटलं. "बाई, आपल्याकडची कला आता कुठे बघायला मिळते?" असं विचारलंस आणि सोबत बावीस ठिकाणांची यादी जोडलीस. मेहनत घेतलीयस. पण पाच दिवसांत बावीस म्हणजे प्रत्येक ठिकाणी फोटोपुरतं उतरायचं आणि परत गाडीवर बसायचं. त्यातली अठरा खोडून टाक.

सुरुवात माझ्या गल्लीपासून कर. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं आणि पलीकडचं बेळगाव इंग्रजांकडे, त्यामुळे सीमारेषेवर राहायची सवय आम्हाला १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या आधीपासूनची. सकाळी गल्लीत शिरलास की यंत्रमागांची खडखड ऐकू येईल. हातमाग आता शोधावा लागतो. पण हातमाग तेवढी कला आणि यंत्रमाग म्हणजे नुसतं यंत्र, असं ठरवून येऊ नकोस. आजोबा खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकायचे, नातू यंत्रमाग चालवतो. तुटलेला धागा मात्र तोही तसाच चिमटीत धरून सांधतो. आणि एकट्या मागाकडे बघत बसू नकोस. कोपऱ्यात कांड्या भरणारी बाई दिसते का बघ. साडीचं कौतुक ऐकायला ती कधी पुढे येत नाही, आणि आपणही तिला विचारत नाही.

हे मला फार उशिरा कळलं. नोकरीचा पहिला पगार झाला तेव्हा चप्पल घ्यायला अथणी भागातल्या एका गावी गेले होते. आपण ज्याला कोल्हापुरी म्हणतो ती चप्पल अथणी, मदभावी, निपाणी या बाजूलाही पिढ्यान्पिढ्या होते, हे तुला ठाऊक असेलच. मी घासाघीस करून पाच रुपये कमी करून घेतले आणि फुशारकीने पायरी उतरले. ओसरीवर त्या कारागिराची आई बसली होती. दोऱ्याएवढी बारीक वादी डोळ्यांजवळ धरून वेणी घालत होती. माझ्या हातातल्या जोडावरची वेणीही तिचीच. पाच रुपये कुणाचे कापले ते तिथेच समजलं. परत वर जाऊन ते द्यायला हवे होते. गेले नाही. चप्पल पुढे सहा वर्षं टिकली आणि सहाही वर्षं पायाला तेवढंच टोचत राहिलं.

तर अथणीला एक पूर्ण दिवस दे. चप्पल हातात घेतलीस की आधी उलटी कर. खऱ्या जोडाला खिळा नसतो, तळ चामड्याच्याच वादीने शिवतात. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, त्याचा उग्र वास येतो. नाक मुरडू नकोस. मग एकेक भाग बोटाने दाखवून विचार: कातडं कुणी कमावलं, तळ कुणी कापला, कान कुणी लावले, वेणी कुणाची? एका जोडावर चार-पाच जणांचे हात निघतील आणि त्यात बायकांचे बरेच. जमलं तर हरळय्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐक. बाराव्या शतकातल्या या शरणाने, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायी शिवभक्ताने, आणि त्याच्या बायकोने, कल्याणम्माने, आपापल्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी पादत्राणं केली, असं सांगतात. कोल्हापुरात याच चपलेसोबत शाहू महाराजांचं नाव निघतं. मला हरळय्यांची गोष्ट जवळची वाटते, कारण तिच्यात बायकोचं नाव शिल्लक आहे.

२०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, असं मिळून. दोन्ही राज्यांचं एकमत झालेला असा कागद मी तरी दुसरा पाहिलेला नाही!

आठवीत पुण्याला गेलास आणि तुझं कन्नड तिथेच थांबलं. "एष्टु?" म्हणजे किती, एवढं प्रत्येक गिऱ्हाइकाला येतं. तू "यारु माड्यार्री?" हे पाठ करून ये. कुणी केलंय हे? भाव विचारलास तर आकडा ऐकशील. हे विचारलंस तर "बर्री, कुंद्री" म्हणून आत बसवतील आणि चहा येईल. मग मराठी, कन्नड, हिंदी, जे जमेल ते चालतं. कारागिराची बोली निम्मी तशीच असते.

कशिद्यासाठी धारवाडला जाणार असशील तर तिथेही उलटी बाजू बघ. कापडावर नक्षी काढून घेत नाहीत, धागे मोजत टाके घालतात आणि गाठ मारत नाहीत. गवंतीचा टाका तर दोन्हीकडून सारखा दिसतो. आजीच्या पेटीतला खण आठवतो का, त्रिकोणी घडीचा? तो बहुतेक गुळेदगुड्डचा असणार. पण ते बागलकोट जिल्ह्यात, या खेपेला लांब पडेल.

खानापूरला कुंभारकाम बघ, अर्धा दिवस पुरे. तिथली लाल माती आणि खादी-ग्रामोद्योगची कुंभारकामाची संस्था, दोन्ही बघून होईल. गोकाकची रंगीत खेळणी आता सहज दिसत नाहीत. धबधबा बघ, करदंट खा, आणि एखादा चित्रगार, म्हणजे ती खेळणी करणारा कारागीर, भेटलाच तर तुझं नशीब.

चित्रकलेची शिक्षिका म्हणून एक सांगते. यादीत तू आजच्या कलेसाठी दोन गॅलऱ्या घातल्यायस, जरूर जा. चित्रकार के. बी. कुलकर्णींनी या गावात बसून विद्यार्थी घडवले, रवी परांजपे त्यांच्याच हाताखालचे. पण आमच्याकडची आजची कला मला शिवजयंतीच्या चित्ररथांत जास्त दिसते. रात्रभर ट्रॉल्या सरकत असतात आणि वर गल्लीतलीच पोरं श्वास रोखून देखावा धरून उभी असतात. नाहीतर दिवाळीतल्या किल्ल्यांत. सातवीत तू राजहंसगड केला होतास, आठवतो? बुरूज उत्तम होते, मी बक्षीसही दिलं. माती मात्र तुझी बहीण घमेल्याने वाहत होती आणि पाटीवर नाव तुझं एकट्याचं होतं. तेव्हा मीही विचारलं नाही.

पावसाळ्यात येऊ नकोस. कातडं वाळत नाही आणि चपलांचं काम मंदावतं. दिवाळीनंतर ये. पैसे सुटे ठेव, आणि फोटो काढायचा तो उठताना, विचारून.

स्टेशनवर उतरलास की रिक्षावाल्याला नाथ पै सर्कल सांग आणि तिथून फोन कर, मी घ्यायला येते. ती बावीस नावांची यादी मात्र घेऊनच ये. खोडायला सांगितलेल्यांत एक असं नाव आहे की सारी हयात या जिल्ह्यात काढूनही मी ते कधी ऐकलेलं नाही. पाचव्या दिवशी तिथे मलाही घेऊन चल.

तुझ्या,
बाई