स्थळं येऊ लागली आहेत, घरी काहीच माहीत नाही. समलिंगी म्हणून उघडपणे जगायचं धाडस कुठून आणू?

तुमच्या प्रश्नात जेवढं आहे तेवढंच धरून लिहितो. वय 27, नोकरी ऐरोलीत, आईबाबा आणि धाकट्या बहिणीबरोबर डोंबिवलीत वन बीएचके. मुलगेच आवडतात हे शाळेपासून माहीत आहे, आणि आता घरात बायोडाटा तयार झालाय.

धाडस आलं की सांगेन, असं ठरवून बसलात तर वर्षं निघून जातात. माझ्या पाहण्यात धाडस तयारीच्या मागून येतं. रात्री घराबाहेर पडावं लागलं तर कुठे जायचं आणि कुणाला फोन करायचा, हे ठरलेलं असलं की तोंडातून वाक्य निघतं. म्हणून आधी तयारीचं बोलू.

कायद्याची भीती मनातून काढून टाका. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, जुन्या दंड संहितेच्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. ‘पोलिसात देईन’ ही धमकी घरचे देवोत की बाहेरचे, ती पोकळ आहे.

पहिल्यांदा आईला सांगू नका. पहिला माणूस असा निवडा, ज्याने दुसऱ्या कुणाचं तरी गुपित आजवर सांभाळलंय, आणि जो तुमच्या सोसायटीत किंवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही. कॉलेजचा मित्र, एखादी मावसबहीण. समोरासमोर बसून जमत नसेल तर चालता चालता सांगा. नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही. शेवटी एवढं स्पष्ट म्हणा: ‘हे पुढे कुणाला सांगायचं ते मीच ठरवणार.’ हे वाक्य विसरलात तर बातमी काकूमार्फत आईपर्यंत पोहोचते. मग तिला धक्का बसतो तो बसतोच, वर ‘सगळ्यांना कळल्यावर मला कळलं’ हे दुःख वेगळं. ते जास्त दिवस टिकतं.

असा माणूसच नसेल तर मुंबईत जागा आहेत. सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात हमसफर ट्रस्ट 1994 पासून आहे, तिथे समुपदेशन मिळतं. गे बॉम्बे हा गट 1998 पासून भेटीगाठी ठेवतो, पालकांसाठीही. समलिंगी विषयांवरच्या चित्रपटांचा कशिश महोत्सव 2010 पासून होतो. तिथे तिकीट काढून नुसतं बसता येतं, कुणाशी बोललंच पाहिजे असं नाही. प्राइड मोर्चाला मात्र घरी सांगण्याआधी जाणार असाल तर कॅमेऱ्यांचं भान ठेवा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चेहरा आला तर सांगण्याची वेळ तुमच्या हातात उरत नाही.

आता पैसा आणि कागद. तीन महिन्यांचा खर्च आणि भाड्याच्या जागेच्या डिपॉझिटमधला तुमचा वाटा, एवढी रक्कम अशा खात्यात हवी ज्यात बाबांचं नाव नाही. आपल्याकडे पहिला पगार झाला की एफडी आईबाबांबरोबर जॉइंट करायची पद्धत आहे. ती मोडू नका, पुढची मात्र स्वतःच्या नावावर करा. एटीएमचा पिन आणि फोनचं लॉक बदला. पासपोर्ट, मार्कशीट, जन्मदाखला घरातल्या कपाटात एकाच फाईलमध्ये असतात आणि किल्ली आईकडे असते. ‘ऑफिसला व्हेरिफिकेशनला हवेत’ म्हणून काढून घ्या, त्या पहिल्या माणसाकडे ठेवा, झेरॉक्स घरी राहू द्या. आधार आणि पॅन डिजिलॉकरमध्ये उतरवून घेता येतात.

सांगायचा दिवस. गणपती, दिवाळी, कुणाचं लग्न, बहिणीची परीक्षा, घरातलं आजारपण, यांच्या आसपास नको. नाहीतर दर वर्षी त्या सणाला ती आठवण चिकटते. भांडणात तर अजिबात नको. रविवारी सकाळी बहीण क्लासला गेलेली असते, आई भाजी निवडत असते, तसली वेळ बरी. आई आणि बाबा यांच्यात जो कमी ओरडतो त्याला आधी. शनिवारी रात्री सांगू नका, कारण रात्रभर त्याच खोलीत गाद्या घालून झोपायचं असतं.

शब्द कोणते वापरायचे, इथेच बरेचजण अडकतात. ‘मला लग्न करायचं नाही’ हे घरात ‘आत्ता नको’ असंच ऐकलं जातं आणि पुढच्या महिन्यात नवं स्थळ येतं. ‘बघू’ म्हणजे तर होकारच. ‘समलैंगिक’ या शब्दातला ‘लैंगिक’ आईच्या कानावर आधी पडतो, आणि तिच्या डोक्यात मुलाचं प्रेम न येता भलतंच काहीतरी येतं. ‘गे’ म्हटलं तर तिला मालिकेतलं एखादं विनोदी पात्र आठवतं. साधं बोला: ‘आई, मला मुली आवडत नाहीत, मुलगेच आवडतात. लहानपणापासून असंच आहे. तुझं काही चुकलेलं नाही. मी मुलीशी लग्न करणार नाही, कारण तिची फसवणूक होईल.’ एवढी चार वाक्यं. आरशासमोर मोठ्याने म्हणून बघा. मनात म्हटलेलं वाक्य आणि तोंडातून आलेलं वाक्य यांत फार फरक असतो. चौथं वाक्य झालं की थांबा. त्यानंतर आपण घाबरून बोलतच राहतो, आणि त्यात ‘कदाचित पुढे बदलेलही’ असं काहीतरी सुटून जातं. तेवढंच घरचे धरून ठेवतात.

तुम्हाला हे पचवायला दहा-पंधरा वर्षं लागली, त्यांना ते दहा मिनिटांत कळलंय. त्या दिवशीचं रडणं, ‘आमचं काय चुकलं’, किंवा बाबांचं पेपर उघडून गप्प बसणं, हे शेवटचं उत्तर समजू नका. ‘तुझ्या बहिणीच्या लग्नाचं काय होणार?’ हा प्रश्न नक्की येईल. त्यावर: ‘तिचं ठरेपर्यंत नातेवाइकांना सांगायची मला घाई नाही, पण तुम्हाला खोटं सांगणार नाही.’ एवढी सवलत द्यायला माझी हरकत नाही, मुदत मात्र मनाशी ठरवून ठेवा. आईला दुसऱ्या आईशीच बोलावंसं वाटतं. त्यासाठी ‘स्वीकार’ हा पालकांचा गट आहे. त्याचं नाव एका कागदावर लिहून फ्रीजवर ठेवून द्या आणि पाठपुरावा करू नका.

‘डॉक्टरला दाखवू’ हे आलं तर नाही म्हणू नका, पण डॉक्टर तुम्ही निवडा. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये हा आजार नसल्याचं जाहीर केलं. ‘बदलून देतो’ म्हणणारे उपचार हे डॉक्टरच्या व्यवसायातलं गैरवर्तन ठरतं, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलंय. आधी फोनवर एकच विचारा: ‘तुम्ही हे बदलायचा उपचार करता का?’ ‘हो’ आलं की तो दवाखाना बाद. अंगात काहीतरी आहे म्हणून बुवाकडे नेऊन मारहाण झाली, तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे.

एक कागद फार थोड्यांना ठाऊक असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 14: प्रत्येक सज्ञान माणूस साध्या कागदावर लिहून, सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो, त्या व्यक्तीची लेखी संमती लागते. कुणी नेमलेलं नसेल तर ही जागा नातेवाइकांकडे जाते, आणि तुमच्या मनाविरुद्ध मनोरुग्णालयात भरती करायचा अर्ज हाच प्रतिनिधी करतो. घरचे जबरदस्तीने दाखल करतील अशी थोडी जरी शंका असेल, तर सांगण्याआधी हा कागद मित्राच्या नावाने करा आणि फोटो दोघांकडे ठेवा.

सांगायच्या दिवशी मित्राला वेळ देऊन ठेवा: ‘नऊपर्यंत माझा मेसेज आला नाही तर फोन कर, दहापर्यंत उचलला नाही तर घरी ये.’ फोन काढून घेतला, कोंडलं, तर त्याने 112 वर पोलिसांना कळवायचं आणि ‘सज्ञान मुलाला डांबून ठेवलंय’ असेच शब्द वापरायचे; ‘घरचं भांडण’ म्हटलं की लक्ष दिलं जात नाही. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे डांबलेल्या व्यक्तीला कोर्टापुढे हजर करायला लावणाऱ्या प्रकरणांसाठी न्यायालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत: सज्ञान व्यक्तीची स्वतःची इच्छा पाहायची, समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायला बघायचं नाही. मन फार खाली गेलं, जीव नकोसा वाटला, तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ऑफिसचं थोडक्यात: खासगी नोकरीत या कारणावरून भेदभाव झाला तर दाद मागायला खास कायदा नाही. कंपनीचं धोरण आधी वाचा, मेडिक्लेममध्ये जोडीदार बसतो का ते बघा, मग ठरवा. घरी सांगण्याआधी ऑफिसात सांगायचं असेल तर सहकाऱ्यांपैकी कोण डोंबिवलीचं आहे तेही आठवा.

डेटिंग अ‍ॅपवरून कुणाला भेटणार असाल तर पहिली भेट स्टेशनजवळच्या गर्दीच्या हॉटेलात, खोलीवर नाही. खोलीवर दोघे-तिघे घुसतात, व्हिडिओ काढतात, यूपीआयवर पैसे मागतात. एकदा दिले की आकडा वाढत जातो. देऊ नका, दिले गेले असतील तर स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जपून लगेच 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला कळवा. न्याय संहितेत खंडणीचं कलम 308 आहे. ज्याच्या घरी माहीत आहे त्याला ही टोळी फार काळ धरून ठेवू शकत नाही, सांगून टाकण्याचा हा एक रोकडा फायदा.

पुढे जोडीदार मिळाला तर भाडेकरारावर दोघांचीही नावं घाला आणि तो नोंदवा. नाहीतर ज्याचं नाव नाही तो कागदोपत्री पाहुणाच राहतो. समलिंगी लग्नाला मान्यता नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने ते तूर्त मिटलं. पण बँकेत जॉइंट खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय. पीएफमध्ये मात्र गोची आहे: आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर ते ‘कुटुंब’ ठरतात, आणि कुटुंब असताना बाहेरच्या माणसाचं नॉमिनेशन चालत नाही. शिवाय नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला द्यायचंय त्याला साक्षीदार करू नका.

राहिला तो बायोडाटा. बाकी सगळ्याला सहा महिने लागले तरी चालतील, याला नाही. तो कुणाकुणाकडे गेलाय ते आज रात्रीच आईला विचारा, आणि ‘ऑफिसचं बघून सांगतो’ असं काही न म्हणता ‘तो कुठेही पाठवू नकोस, मी मुलगी बघायला जाणार नाही’ एवढंच म्हणा. कारण आत्ता विचारलं तर उत्तर द्यायची गरज नाही. ‘थोड्या दिवसांनी मीच बसून सांगेन’ म्हणा आणि कॅलेंडरवरचा एखादा रविवार मनाशी धरा. कांदेपोह्याला एकदा जाऊन बसलात, तर समोरच्या घरातली एक मुलगी तुमच्या उत्तराची वाट बघत राहील.