चेरी श्रिंप, म्हणजे घरच्या टाकीत पाळायची छोटी चेरी कोळंबी: पाणी, कात आणि पिल्ले (प्रश्नोत्तरे)

प्रश्न: दर पंधरवड्याला टाकीतले निम्मे पाणी बदलतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत एखादी चेरी कोळंबी मेलेली आढळते. मानेभोवती पांढरे कडे दिसते. हा रोग आहे का?

उत्तर: बहुधा नाही. कोळंबी वाढताना वारंवार कात टाकते. त्या वेळी डोके-छाती आणि पोट यांच्या सांध्यावर, पाठीच्या बाजूला कवच उकलते आणि एका झटक्यात ती बाहेर पडते. कवच पाठीवर नीट न उकलता सभोवार फाटले, की आपण पाहिलेले कडे दिसते आणि अशी कोळंबी सहसा जगत नाही. निम्मे पाणी एकदम बदलल्याने क्षारांचे प्रमाण व तापमान अचानक पालटते आणि कवचाची तयारी पूर्ण होण्याआधीच कात सुटण्याचा धोका वाढतो. म्हणून आठवड्याला दहा टक्केच पाणी बदलावे, नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकावे आणि नवे पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडावे. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे जीएच, ६ ते ८ अंश ठेवावा. पाणी फार मृदू असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मिसळावे लागतात. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागेच राहतात. ही घट बोअरच्या नव्हे, आरओच्या पाण्याने भरावी. टाकलेली कात काढू नये, कोळंब्या ती खातात.

प्रश्न: मादीच्या पोटाखाली अंडी दिसतात, पण पिल्ले कधीच दिसत नाहीत. सोबत गप्पी मासे आहेत.

उत्तर: पिल्ले गप्पींच्या पोटात जात असावीत. मादी वीस-तीस अंडी पोटाखालच्या पायांत धरून साधारण तीन ते चार आठवडे त्यांना सतत वारा घालते. बारकाईने पाहिल्यास शेवटच्या दिवसांत अंड्यांत काळे डोळे दिसतात. मोठ्यांसारखीच घडण असलेली, जेमतेम दोन मिलिमीटरची पिल्ले त्यांतून बाहेर पडतात. गप्पी दुसरीकडे हलवावेत, जावा मॉस ही शेवाळासारखी पाणवनस्पती दाट वाढू द्यावी आणि स्पंज फिल्टर वापरावा. या दोन्हींवर साचणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या थरावर पिल्ले चरतात. अमानो या दुसऱ्या जातीच्या कोळंबीकडून मात्र घरी पिल्लांची अपेक्षा ठेवू नये, कारण तिच्या अळ्यांना खारे पाणी लागते.

प्रश्न: गोगलगायी मारण्याचे औषध घालू का?

उत्तर: घालू नका. अशा बऱ्याच औषधांत तांबे असते आणि ते कोळंब्यांनाही मारते. खाद्य कमी करा, गोगलगायी हाताने वेचा.

प्रश्न: लाल, निळ्या आणि पिवळ्या एकत्र ठेवल्या तर?

उत्तर: या रंगांच्या नेहमी मिळणाऱ्या कोळंब्या एकाच निओकॅरिडिना जातीच्या असल्याने त्यांचा संकर होतो आणि काही पिढ्यांत संतती मूळच्या तपकिरी-पारदर्शक रंगाकडे वळते. प्रकृतीला त्याने अपाय नाही. रंग टिकवायचा असेल तर प्रत्येक रंगाला वेगळी टाकी द्यावी आणि फिकी पिल्ले वेळीच बाजूला काढावीत.