भोवरा डुलतोय? आधी आर बघ
अरे, भोवरा आडवा होतो म्हणून हाताला दोष देऊ नको. आधी आर, म्हणजे भोवऱ्याचं खालचं लोखंडी टोक, बघ. सुईसारखी टोकदार असेल तर कानशीने जरा गोल कर. तिरपा पडलेला भोवरा गरगरत असताना गोल आरीची कड जमिनीला घासते, आणि तेच घर्षण त्याला हळूहळू सरळ उभा करतं. मग तो एका जागी 'झोपतो', हलतोय की नाही कळतही नाही. टोकदार आर नुसती बिंदूवर टेकते. उभं करायला तिथे घर्षणाला काही पकडच मिळत नाही. गंमत अशी की हेच घर्षण पुढे फिरकी खाऊन त्याला पाडतं. डुलणं भरभर व्हायला लागलं की समज, फिरकी संपत आली.

जांभ्याच्या चिऱ्यांवर नको, खळग्यांत उसळ्या मारतो. सारवलेलं खळं उत्तम. पावसाळ्यात मात्र विसर, आर रुतते.

जाळी, म्हणजे भोवऱ्याला गुंडाळायची दोरी, सुतीच घे. नायलॉनची लाकडावर सरकते, जोर फुकट. सावंतवाडीचे लाखेचे भोवरे दिसायला झकास, पण गुळगुळीत. मी जाळी किंचित ओली करून पहिला वेढा आरीपाशी घट्ट आवळतो.