राऊटर कोणता घेऊ? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आमचं घर चिपळूणजवळ, जुनं चिऱ्याचं, वरचा मजला नंतर स्लॅब टाकून चढवलेला. फायबर खाली पडवीत येतं. मुलगा वरच्या खोलीत बसून काम करतो, मीटिंगमध्ये सारखा आवाज तुटतो. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे पण राऊटरला वायरने लॅपटॉप जोडला तरी ९०-९५ च्या वर जात नाही. दुकानदार म्हणतो सहा अँटेनावाला घ्या, सगळं घर कव्हर होईल. घेऊ का?

उत्तर : थांबा, पैसे काढू नका एवढ्यात. तुमची दोन दुखणी वेगवेगळी आहेत आणि सहा अँटेना दोन्हीवर औषध नाही.

आधी ते ९०-९५. स्पीड नेमका तिथेच अडकतो ना, म्हणजे कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट (वायर खुपसायची जागा) बसलंय. राऊटर उलटा करा नाहीतर खोक्यावर बघा, १०/१०० लिहिलं असेल तर तो १०० च्या वर देणारच नाही, १०/१००/१००० किंवा गीगाबिट असं पाहिजे. खोक्यावर पुढे मोठ्या अक्षरात १२०० छापलेलं असतं ते वायफायचे दोन बँड, म्हणजे २.४ आणि ५ गीगाहर्ट्झच्या लहरी, मिळून (३०० आणि ८६७) कागदावरचं गणित, पोर्टशी त्याचा काही संबंध नाही. टीपी-लिंकचेच आर्चर सी५० आणि सी६ घ्या, दोन्ही १२०० वाले, पण सी५० ची पोर्टं १०० ची आणि सी६ ची गीगाबिट. फायबरच्या डब्याचं पोर्टही बघा, आणि मधली केबल पण, कारण आतल्या आठ तारांपैकी चारच नीट लागल्या असतील तरी लिंक १०० वर येते. कधी कधी नुसती केबल बदलून काम होतं.

आता वरची खोली. चिऱ्याची भिंत जाड, पावसाळ्यात पाणी धरून बसते, वर स्लॅबमध्ये सळयांची जाळी, त्यातून ५ गीगाहर्ट्झ जवळजवळ जातच नाही आणि २.४ जातं ते पण रडतखडत. बरं, राऊटरने कितीही ओरडून सांगितलं तरी फोनला उत्तर द्यायचं असतं त्याच्या त्या इवल्याशा अँटेनातून, तिथे दुकानदाराच्या सहा अँटेना फारसं काही करू शकत नाहीत.

म्हणून माझं ऐकाल तर खालून वर कॅट ६ ची (नेटची) वायर न्या, जिन्याच्या कडेने पट्टी मारून (१०० मीटरपर्यंत चालते, घरात प्रश्नच नाही) आणि वर दुसरा साधा राऊटर अॅक्सेस पॉइंट मोडवर लावा, म्हणजे तो वायरवरून आलेलं नेट नुसतं वायफायवर देतो. नाव-पासवर्ड दोघांचा एकच ठेवा, फोन आपोआप पकडतो. वायफाय ६ चा, ड्युअल बँड, गीगाबिट पोर्टवाला एखादा घेतलात की पुरे. भिंतीत लावायचे स्वस्त रिपीटर घेऊ नका, एकाच बँडवर ऐकायचं आणि त्यावरच पुढे बोलायचं म्हणजे स्पीड तिथेच निम्मा. मेश (एकमेकांशी बोलणाऱ्या दोन-तीन राऊटरचा संच) चांगलं असतं पण चिऱ्याच्या घरात त्यालाही मधे वायर दिलेली बरी, मग एवढा खर्च कशाला!

प्रश्न : डोंबिवलीत वन बीएचके आहे. दिवसभर नेट मस्त, रात्री आठ-नऊला रांगतं. नवीन राऊटर घेऊ का?

उत्तर : नको. रात्री आठला लॅपटॉप वायरने जोडून स्पीड बघा. वायरवर पण रांगत असेल तर गर्दी कंपनीच्या लाइनवर आहे, त्यांच्याकडे तक्रार टाका. वायरवर नीट असेल तर शेजारपाजारचे सगळे राऊटर २.४ वर कोकलतायत, फोन आणि टीव्ही ५ गीगाहर्ट्झवर टाका, वन बीएचकेला ते आरामात पुरतं. जी जुनी उपकरणं २.४ च घेतात त्यांच्यासाठी चॅनल १, ६, ११ यातला जो मोकळा दिसेल तो लावा. आणि राऊटर टीव्हीच्या मागे असेल तर आधी तिथून काढा.