हेअर ट्रान्सप्लांट आणि लेसिकच्या (चष्म्याचा नंबर घालवायच्या लेझर ऑपरेशनच्या) खर्चाची आयकरात वजावट मिळते का?

नाही मिळत, दोन्हींची नाही. आयकराच्या जुन्या कायद्यातलं कलम ८०डी मेडिक्लेमच्या हप्त्यासाठी आहे, ऑपरेशनच्या बिलासाठी नाही. ८०डीडीबीत ठरावीक गंभीर आजार येतात, टक्कल येत नाही. उलट केसांच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागेल.

आणि या जीएसटीवरूनच माझं एकदा वाजलं होतं. माझ्या मुलीचा ओठ जन्मतः दुभंगलेला. तो चौथ्या महिन्यात शिवला, पण डावी नाकपुडी बसकीच राहिली. रात्री तिच्या श्वासाची शिट्टी आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू यायची. सतराव्या वर्षी नाकाचं ऑपरेशन केलं. डिस्चार्जच्या वेळी बिल १,१०,००० आणि त्याखाली जीएसटी १९,८००. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "राइनोप्लास्टी आहे ना सर, कॉस्मेटिकमध्ये धरतात."

दादाला फोन लावला. थोरला भाऊ, तीस वर्षं लोकांची रिटर्न भरतोय. म्हणाला, "भरून टाक मुकाट्यानं. नाक सरळ करायची हौस, मग टॅक्स नको?"

हौस! मी काउंटरवरच मोबाइलवर जीएसटीची २०१७ची अधिसूचना उघडली. केशरोपण, कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीला करमाफी नाही, हे खरं. पण जन्मजात दोष, वाढीतलं व्यंग किंवा इजा यामुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करायला केली असेल तर आहे. सर्जननं लेटरहेडवर तीन ओळी लिहून दिल्या आणि तासाभरानं जीएसटीविना नवं बिल छापून आलं.

तेव्हा ऑपरेशन का करताय ते डॉक्टरकडून आधी लिहून घ्या. लेसिकवाल्यांनी मेडिक्लेमची पॉलिसीही बघावी, चष्म्याचा नंबर साडेसातच्या आत असेल तर सहसा क्लेम बसत नाही. धंद्याचा खर्च म्हणून दाखवायचा विचार असेल तर सोडा. ज्येष्ठ वकील शांती भूषण यांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च वकिलीसाठीचा म्हणून मागितला होता, दिल्ली उच्च न्यायालयानं २०११ मध्ये तो नाकारला. तिथं तुमचे केस कुठे टिकणार?

हां, एक राहिलं. आईवडील साठीच्या पुढचे असतील आणि त्यांचा विमा नसेल, तर त्यांच्या उपचारखर्चावर ५०,०००पर्यंत ८०डीची वजावट मिळते, पैसे रोख दिलेले नसावेत. तेही फक्त जुन्या करप्रणालीत. १ एप्रिल २०२६पासून नवा कायदा आलाय, त्यात या कलमांचे क्रमांक बदललेत.

दोन्ही बिलांच्या झेरॉक्स मी दादाच्या ऑफिसात टेबलाच्या काचेखाली सरकवून आलो होतो. काढल्या नाहीत त्यानं, पण चहाचा ट्रे नेमका त्यांच्यावरच ठेवतो.