दोन क्रेडिटांचा कोर्स लिहिताना

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नव्या कोर्सचा मसुदा दोनदा वाचला. ‘भारतीय जलपरंपरा’ हे नाव, पाच घटक, सुरुवात सिंधू संस्कृतीपासून आणि शेवट छतावरच्या पाण्याच्या साठवणीवर. वाचन भरपूर केलं आहेस, ते दिसतं. पण हा दोन क्रेडिटांचा ओपन इलेक्टिव्ह आहे. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, म्हणजे सगळे मिळून 30. त्यातून अंतर्गत चाचण्या, स्नेहसंमेलन, तुझी निवडणुकीची ड्यूटी वजा कर. एवढ्या तासिकांत पाच हजार वर्षं शिकवायला निघालीस तर मुलांच्या पदरात नुसती नावं पडतील.

शिवाय समोर कोण बसणार आहे ते बघ. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेच्या मुलांसाठी असतो. बी.कॉम. आणि बी.एस्सी.ची मुलं येतील; त्यांतल्या बहुतेकांचा भूगोल दहावीलाच सुटलेला असेल.

तुझं कॉलेज धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या खोऱ्यात आहे. मग चार घटक काढून टाक आणि सगळा कोर्स तिथल्या जुन्या सामूहिक सिंचनाच्या फड पद्धतीवर उभा कर. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांमध्ये, म्हणजे मोठ्या पट्ट्यांमध्ये, वाटलेली. एका फडात ज्यांची ज्यांची जमीन, त्या सगळ्यांनी त्या वर्षी एकच पीक घ्यायचं आणि फडाफडांत पिकांची फेरपालट करायची. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, राखण जागल्याची. शेतकऱ्याने आपल्या हाताने बारं, म्हणजे शेतात पाणी घ्यायचं तोंड, फोडायचं नाही. पंप नाही, इंजिन नाही, सगळं पाणी उतारावर चालतं. विज्ञानाच्या मुलांना यात उतार आणि झिरपणं मोजता येईल. वाणिज्यच्या मुलांनी पाटकऱ्याचा मोबदला कोण देत असे, कशाच्या रूपात, आणि पाटाच्या दुरुस्तीचा खर्च कसा वाटला जाई, हे गावात जाऊन विचारावं.

मात्र परंपरा म्हणून तिची नुसती आरती करू नकोस. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी आल्या, पंप आले, आणि प्रत्येकाला आपल्या शेतात आपल्याला हवं ते पीक घ्यावंसं वाटू लागलं. ही शेवटची इच्छा काही गुन्हा नव्हे. फडात जमीन कोणाची होती आणि कोणाची नव्हतीच, हा प्रश्नही वर्गात यायलाच हवा. या पद्धतीतला शहाणपणा आणि तिचे काच दोन्ही मुलांना दिसले, तरच तो अभ्यास.

तू विचारलंस की क्षेत्रभेट पाचव्या घटकात ठेवू का. मुळीच नको. पर्यावरण विषयाचं काय झालं ते आठव. 1991 मध्ये पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिकवायला सांगितला. पुढे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, पदवीच्या सगळ्या शाखांसाठी 50 तासिकांचा अभ्यासक्रम काढला. मसुदा चांगला होता. 100 पैकी 25 गुण क्षेत्रकार्याला होते. पण ते क्षेत्रकार्य आठव्या, शेवटच्या घटकात, पाच तासिकांचं. सत्र संपत आलं की तोच घटक आधी गळायचा, आणि मुलं आदल्या वर्षीची प्रकल्पवही उतरवून काढायची. असे गठ्ठे मी कितीतरी बघितलेत. त्या मुलांवर मी आजही चिडत नाही. नदीवर त्यांना कोणी नेलंच नव्हतं.

म्हणून पहिल्या पंधरवड्यातच बंधाऱ्यावर जा. एक क्रेडिट थिअरीचं आणि एक प्रात्यक्षिकाचं अशी विभागणी तुमच्या चौकटीत बसते का, ते प्राचार्यांना विचार. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला 30 तास मिळतात, म्हणजे बाहेर पडायला उसंत राहते.

विभागात कोणीतरी म्हणेल, वर्कलोड, म्हणजे विभागाच्या वाट्याच्या तासिका, वाचवायला यादीत चार कोर्स टाकून ठेव. त्यांच्यावर रागावू नकोस. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासांप्रमाणे पगार मिळणाऱ्या, सहकाऱ्याचं घर त्या तासांवर चालतं, ही काळजी खरी आहे. पण जो कोर्स शिकवायला माणूस नाही आणि मराठीत वाचायला पान नाही, तो यादीत घालणं म्हणजे मुलांचं एक सत्र वाया घालवणं. एकच टाक, पण धड.

वाचायला काय देशील? 1880 च्या खानदेश गॅझेटिअरमधला सिंचनाचा भाग घे आणि त्यातली मोजकी पानं स्वतः मराठीत आण. उरलेलं साहित्य मुलांच्याच नोंदींतून पहिल्या वर्षी तयार होईल. ते जपून ठेव, दुसऱ्या वर्षीच्या मुलांना तेच वाचायला दे. तू उद्या बदलून गेलीस तरी तुझ्या जागी येणाऱ्याच्या हाती काहीतरी असेल.

परीक्षेत ‘फड पद्धतीची वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्न नको. त्याचं उत्तर गाईडमध्ये छापून येईल. चार फडांचा नकाशा दे, पाटाचं पाणी निम्म्यावर आलंय असं सांग आणि विचार, पाळ्या कशा लावाल, कोणतं पीक सोडाल, आणि ज्याचं सोडलंत त्याला काय सांगाल?

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळात बाहेरचे तज्ज्ञ म्हणतील, विषय फार स्थानिक आहे. तेव्हा वाद घालू नकोस, हा पाळ्यांचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेव आणि सोडवायला सांग.

आणखी एक, वेळापत्रक करणाऱ्यांना आजच गाठ. सलग तासिका शनिवारी सकाळी मागून घे. एकेक तासिका विखुरली तर बंधाऱ्यापर्यंत जाणं-येणंच होणार नाही. नवा मसुदा झाला की मंडळाच्या बैठकीआधी मला पाठव, मी लगेच वाचतो.

तुझा,
सर